विचाराल तेवढंच

आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. कुठल्याशा औषध कंपनीने भेट दिलेलं. काट्यांच्या मागे आतड्याचं रंगीत चित्र आहे, त्यामुळे सहा चाळीस झाले की मिनिटकाटा नेमका अपेंडिक्सच्या बाजूला जातो असं आम्ही म्हणायचो. या घड्याळातली वीस मिनिटं मी चार वर्षं लपवून ठेवली. ती मला माहीत होती आणि सरांना माहीत होती. तिसऱ्या कोणी विचारलं नाही. आज ते सांगायलाच बसलो आहे. पण सर कोण होते हे आधी सांगितलं नाही, तर तीन शिकलेली माणसं वीस मिनिटं स्वस्थ कशी बसली हे कोणालाच पटणार नाही.

‘होते’ म्हणालो, पण सर आहेत. दौंडात स्वतःच्या घरी आहेत. आणि दर गुरुवारी चार वाजता रिक्षाने वर्गात येतात. त्यावर पुढे येतोच.

मी या वर्गात आलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. त्याआधी बारा वर्षं शिक्रापुरात हायवेला, टायरच्या दुकानाशेजारी माझा दवाखाना होता. शिफ्ट सुटली की कंपन्यांतले कामगार यायचे. ‘डॉक्टर, सुई लगा दो,’ म्हणायचे. मी लावायचो. काय होतंय, हे त्यांनी सांगायच्या आत माझी सिरिंज भरलेली असायची. एक दिवस स्वतःचीच लाज वाटली, दवाखाना बंद केला आणि दौंडच्या या शंभर खाटांच्या हॉस्पिटलात मेडिसीनच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा तीन वर्षांचा कोर्स करायला आलो. वर्गात आम्ही तिघं. बाकीचे दोघं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान.

पहिल्याच दिवशी सरांनी आमची गावं विचारली आणि तीच नावं ठेवली. साखर कारखान्यातल्या फिटरचा मुलगा ‘पाटस’ झाला. केमिकल कंपनीत वडील सुपरवायझर असलेली मुलगी ‘कुरकुंभ’ झाली. मी ‘शिक्रापूर’. नावांचं काय, असं पाटसने धीर करून विचारलं, तर म्हणाले, “नावं लक्षात ठेवायला मी काय मतं मागायला आलोय?”

सर शिकवायचे नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ते स्वतःच अभिमानाने सांगत. त्यांच्याकडे लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा होता, सलाइनच्या नळीने बांधलेला. दौंड तालुक्यात डॉक्टरला वर्षाला शेकडो पत्रिका येतात. सर एकाही लग्नाला जात नसत, पण पत्रिका जपून ठेवत आणि मागच्या कोऱ्या बाजूला एकेक रुग्ण लिहीत. पुढे गणपती, चि. आणि चि. सौ. कां., मागे बावन्न वर्षांच्या मुकादमाचं लिव्हर. वर्गात आले की एक पत्रिका काढायची, चष्म्यातून एकदा बघायची, उलटी ठेवायची आणि स्वतःच तो रुग्ण व्हायचं. पिशवीत सामान असे: एक शाल, एक टोपी, तंबाखूची रिकामी डबी, आणि बायकोचं एक जुनं लुगडं, जे डोक्यावरून घेतलं की सरांची आजी होत असे.

नियम तीन होते. पहिला, विचाराल तेवढंच सांगणार. दुसरा, एका वेळी एकच प्रश्न. दोन एकदम विचारले किंवा प्रश्न बावळट असला की सर गप्प बसत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. एकदा पाटसने “पोट दुखतंय का, उलटी होते का, ताप आहे का” असं एका दमात विचारलं, तर सर अकरा मिनिटं गप्प होते. मी मोजलेली आहेत. तिसरा नियम चिंचोक्यांचा. सुरुवातीला प्रत्येकाला दहा चिंचोके मिळत. रक्ताची तपासणी सांगितली की एक गेला, एक्स-रेला एक, एमआरआयला चार. न विचारता रुग्णाला हात लावला तर सगळे गेले. रोगाचं नाव चुकलं तर दोन.

“आणि ‘माहीत नाही’ म्हटलं तर?” कुरकुंभने विचारलं होतं.

“त्याला चिंचोका पडत नाही. फुकट आहे. वापरा.”

तीन वर्षांत आमच्यापैकी कोणीही ते एकदाही वापरलं नाही. तज्ज्ञ व्हायला आलो होतो ना.

आमच्या आधीच्या बॅचने सगळ्या पत्रिकांचे फोटो काढून ठेवले होते. ते आम्हाला व्हॉट्सॲपवर मिळाले. आम्ही तिघांनी ते पाठ केले. पुढच्या गुरुवारी सर लुगडं डोक्यावर घेऊन कण्हत बसले, “लई दमल्यावानी हुतंय गं बाई, अंग सुजलंय,” एवढंच म्हणाले, तर पाटस ओरडला, “थायरॉईड!”

सरांनी पदर सारखा केला. “व्हय रं लेकरा, थायरॉईड गेल्या साली हुतं. गोळ्या खाल्ल्या, बरं झालं. औंदा किडनी हाय.”

त्यांनी पत्रिकेवर एक ओळ बदलली होती. मग कळलं, दरवर्षी प्रत्येक पत्रिकेत एक ओळ ते बदलत. म्हणजे फोटोंचा त्यांना पत्ता होता, आणि आम्ही पाठ करतोय हे बघत त्यांनी आठवडाभर गंमत पाहिली होती.

घरीसुद्धा हेच. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा आम्हाला जेवायला वाढताना म्हणाल्या, “मला बघायला आले तेव्हा दीड तास प्रश्न विचारले यांनी. दात किती, धाकटा भाऊ कशाने गेला, उन्हात चक्कर येते का. शेवटी मी म्हटलं, तुम्ही जेवणार आहात का? तर म्हणतात, आज घरात विचारलेला पहिला बरोबर प्रश्न.” सर भाजी खात होते. आमटी हवी का, असं कोणी विचारेपर्यंत त्यांनी आमटी मागितली नाही.

हॉस्पिटलच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. तपासणीला समिती येणार म्हटल्यावर आप्पांनी गेटवर फ्लेक्स लावला: ‘केस-आधारित कृतिशील शिक्षण देणारे तालुक्यातील पहिले हॉस्पिटल.’ आप्पांचा हात जोडलेला फोटो बैलगाडीच्या चाकाएवढा आणि खाली कोपऱ्यात सरांचा, चिंचोक्याएवढा. समितीतल्या गृहस्थांनी सरांना विचारलं, “तुमची अध्यापनपद्धती थोडक्यात सांगाल?” सरांनी त्यांना टेबलावर झोपवलं. म्हणाले, “तुम्ही पेशंट. ही तिघं विचारतील.” कुरकुंभने सहा प्रश्नांत त्यांची वाढलेली शुगर काढली, जी त्यांनी घरीही सांगितलेली नव्हती. कोर्सला मान्यता मिळाली. आप्पा म्हणाले, “आपली पद्धतच तशी ना.” सर म्हणाले, “कृतिशील मी आहे, हे कळलं. शिक्षण कोणाचं होतंय ते अजून समजलं नाही.” आप्पा खूप हसले. त्यांना वाटलं, समितीवर विनोद केला.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा सरांचा मला राग होता. राग यायला कारण एक शेगडी आणि एक बटण.

शेगडीचं असं. एकदा सरांनी प्रत्येकाला आपल्याच दवाखान्यातला एक रुग्ण मांडायला सांगितला. मी शिक्रापूरचे सहा बिहारी कामगार मांडले. थंडीत, आठवडाभरात, एकेक करून आले होते. डोकं दुखतं, मळमळतं. मी प्रत्येकाला सुई दिली होती. मी म्हणालो, व्हायरल असावं. सर रुग्ण झाले. “डागदर साब, सर दुखता है.” मी पंधरा प्रश्न विचारले. मग सर सर झाले.

“शिक्रापूर, ही सहा जणं राहायची कुठं?”

“एकाच खोलीत, सर.”

“थंडीत खोलीत काय पेटवायची?”

मला आता आठवलं, कपड्यांना कोळशाचा वास येत होता.

“दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी. सहा जण धुरात झोपायचे आणि सकाळी उठून तुमच्याकडे सुई टोचून घ्यायला यायचे. कोणी मेला नाही ही तुमची हुशारी नाही, खोलीच्या खिडकीची काच फुटकी असेल.” मग मवाळ आवाजात, आणि मवाळ आवाज जास्त लागायचा: “‘शेजारच्या कॉटवरच्याला कसं वाटतंय?’ एवढंच विचारायचं होतं.”

ते बरोबर होते. अजूनही मला ती फुटकी काच कधी कधी दिसते. पण बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

आणि बटण. पहिल्या वर्षाच्या शेवटी एका गुरुवारी सर दारातून आत आले, छातीवर हात दाबला आणि जमिनीवर पडले. पाटस आणि कुरकुंभ आपापले चिंचोके मोजत बसून राहिले. मी धावलो. शर्ट फाडला, एक बटण उडालं, आणि मी छाती दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या दाबाला सरांनी माझं मनगट धरलं.

“शिक्रापूर, नाडी लागत्ये. तुम्ही बघितलीत का?”

“नाही, सर.”

“श्वास?”

“नाही.”

“हाक तरी मारलीत?”

मी उठलो. सर तसेच झोपून म्हणाले, “जित्या माणसाची बरगडी मोडायला निघाले हे. पैलवानकीच्या आखाड्यात जा, तिथं न विचारता हात लावतात.” दहाही चिंचोके गेले. पुढच्या गुरुवारी सर तोच पांढरा शर्ट घालून आले. उडालेल्या बटणाच्या जागी काकूंच्या ब्लाऊजचं लाल बटण शिवलेलं होतं. दर गुरुवारी तोच शर्ट. वॉर्डात सिस्टर विचारायच्या, सर, हे लाल बटण? सर म्हणत, “हे शिक्रापूरचं आहे.” वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना ती गोष्ट माहीत झाली. मी चाळिसाव्या वर्षी दोन पोरांचा बाप होतो, आणि शर्टावरच्या बटणाला घाबरत होतो.

तिसऱ्या वर्षीच्या त्या गुरुवारी सर चारला आले. चहाचा कप बरोबर होता. खुर्चीवर बसले, गठ्ठ्यातून पत्रिका काढली, आणि ती उजव्या हातातून खाली पडली. सरांनी वाकून बघितलं नाही.

“तर... आज... पा...” म्हणाले. मग थांबले. तोंड उजवीकडे लोंबलं होतं.

पाटसने मांडीवर थाप मारली. “सर, एक नंबर! लकवा! चेहरा बघ ना, कसला केलाय.”

कुरकुंभ हसली आणि वही उघडली. “आजोबा, हे कधीपासून होतंय?”

सर गप्प. घड्याळाकडे बघितलं.

“बीपीची गोळी चालू आहे का?”

गप्प. घड्याळ.

“तंबाखू खाता का? डोकं दुखलं होतं का आधी?”

सरांनी डाव्या हाताने कप उचलला. चहा तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला, लाल बटणावरून खाली ओघळला. गरम चहा होता. सरांनी तो पुसला नाही.

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मला खात्री आहे, कारण सरांची नजर गेली तिथे माझीही गेली. आणि तेव्हा मला कळलं. अंदाज नव्हे, कळलं. सर टोपी घालत, लुगडं नेसत, कण्हत, पण अंगावर गरम चहा सांडून घेण्याइतके नाटकी नव्हते.

मी उठायला हवं होतं. चार पावलांवर बसलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर ते लाल बटण होतं. उठलो आणि हे नाटकच निघालं, तर दुसरं बटण शिवलं जाणार होतं, या वेळी बहुतेक हिरवं. हे एक कारण. दुसरं सांगायला चार वर्षं लागली. आयुष्यभर लोकांना गप्प बसवणारा माणूस पहिल्यांदा स्वतः अडकला होता, आणि मला ते बघायला थोडं बरं वाटत होतं. किती थोडं, ते सांगता येत नाही. पण होतं.

मी बसून राहिलो एवढंच असतं तरी चाललं असतं. मी त्यात भर घातली. वर्गात वयाने मोठा ना मी. कुरकुंभला म्हणालो, “एका वेळी एकच विचार. दोन विचारले की सर उत्तर देत नाहीत, माहितेय ना.”

ती बिचारी एकेक विचारत राहिली. सर घड्याळाकडे बघत राहिले. आम्ही वेळ मोजण्याची खूण समजलो. तो माणूस वेळ दाखवत होता.

पाटसने चार चिंचोके पुढे सरकवले. “सर, एमआरआय.” सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटस म्हणाला, “चार कमी पडले वाटतं.”

साडेचारला कुरकुंभ उठली. तिने नियम मोडला. न विचारता सरांचा उजवा हात हातात घेतला. “सर, माझा हात दाबा.” मग माझ्याकडे वळून तिने जे किंचाळून सांगितलं ते अजून ऐकू येतं: “ताकद नाहीये हो यांच्या हातात! हे खरं आहे!”

पुढचं सगळं मी उत्तम केलं, जसं उशीर केलेली माणसं करतात. रक्तदाब, शुगर, सुई, ॲम्ब्युलन्स. गुठळी विरघळवणारं, पहिल्या काही तासांतच द्यायचं इंजेक्शन पुण्याला मिळणार होतं. पाठवणीची चिठ्ठी मी लिहिली. ‘लक्षणे सुरू झाल्याची वेळ’ असा रकाना असतो. तिथे मी लिहिलं: ४.३०.

पाटस गावापासून चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून होत्या. मी ॲम्ब्युलन्समध्ये सरांच्या डोक्याशी बसलो होतो. सर माझ्याकडे बघत होते. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. “पेशंट नीट असा शेवटचा कधी दिसला?”

“साडेचार,” मी म्हणालो. सर स्ट्रेचरवरून बघत होते. विचारलेलं होतं, एकच विचारलेलं होतं, आणि मी खोटं सांगितलं.

इंजेक्शन वेळेत बसलं. ती वीस मिनिटं धरूनही वेळेची मर्यादा ओलांडली गेली नाही, म्हणून कागदोपत्री माझ्यावर काहीच येत नाही. मेंदूचा कागदांशी संबंध नसतो, एवढीच अडचण आहे.

सर वाचले. उजवा हात गेला. बोलणं गेलं, एक शब्द सोडून. अशा रोग्याच्या तोंडात कधी कधी एखादा घोटलेला शब्द शिल्लक राहतो. कोणाच्या तोंडात देवाचं नाव राहतं, कोणाच्या शिवी. सरांच्या तोंडात राहिलं ‘विचारा’.

भूक लागली, विचारा. पंखा लावा, विचारा. आप्पा गुच्छ घेऊन आले, सरांनी त्यांच्याकडे बघून तीनदा विचारा म्हटलं. आप्पा डोळे पुसत बाहेर आले, “शिक्षक शेवटपर्यंत शिक्षकच राहतो हो,” म्हणाले आणि नवा फ्लेक्स छापायला दिला. या वेळी सरांचा फोटो ताटाएवढा.

सहा महिन्यांनी मी घरी गेलो. कबूल करायला गेलो होतो. काकूंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही होतात तिथं. दुसरं कोणी असतं तर कळलंच नसतं.” मी चहा प्यालो. कबुली चहाबरोबर खाली गेली.

“दिवसभर घड्याळं काढत बसतात,” काकू म्हणाल्या. “व्यायामवाल्या बाई म्हणतात, चांगलं आहे, डावा हात वळतोय.”

सरांनी डाव्या हाताने एक लग्नपत्रिका माझ्यापुढे केली. मागच्या कोऱ्या बाजूला दोन घड्याळं होती, वेडीवाकडी, आतड्याच्या चित्रासकट. एकात चार-दहा. दुसऱ्यात साडेचार. खाली काही नाही.

“विचारा,” सर म्हणाले.

काय विचारणार? माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं, विचारण्यासारखं काही नव्हतं. पत्रिका खिशात घातली आणि निघालो.

पुढे मी पास झालो, याच हॉस्पिटलात लागलो, आणि गुरुवारचा वर्ग माझ्याकडे आला. गठ्ठाही आला. सर रिक्षाने येतात, पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात, लाल बटणाच्या शर्टात. काकू म्हणतात, गुरुवारी दुसरा शर्ट घालूच देत नाहीत. आप्पांना ही व्यवस्था फार आवडते. समितीलाही दाखवली.

दरवर्षी शेवटच्या गुरुवारी मी ती केस घेतो. पत्रिका दाखवत नाही, नुसती घेतो. “शिक्षक, वय त्रेसष्ट, वर्गात अचानक तोंड वाकडं झालं.” मी तोंड वाकडं करतो. मुलं बीपी विचारतात, शुगर विचारतात, तंबाखू विचारतात. हृदयाचे ठोके नियमित आहेत का हेसुद्धा विचारतात, हुशार आहेत. मी एकेक उत्तर देतो. लक्षात कधी आलं, कोणाच्या आलं, मग तो काय करत बसला होता, हे कोणी विचारत नाही. विचाराल तेवढंच, हा सरांचाच नियम. त्या नियमाआड मी तीन बॅचेस काढल्या. सर मला वर्षानुवर्षं ज्याने छळत आले, त्याच्याच पाठीमागे मी लपलो आणि वर त्याला परंपरा म्हणालो.

आणि दरवर्षी तास संपायला आला की सर खुर्चीत पुढे सरकतात. मुलांकडे बघून म्हणतात, “विचारा.” मग जोरात, “विचारा, विचारा.” चेहरा लाल होतो. मुलं टाळ्या वाजवतात. एका मुलीने तर वाकून पाया पडून घेतलं. त्यांना वाटतं आशीर्वाद आहे. दुसऱ्यांदा एक वर्ग त्यांच्यासमोर बसून त्यांना चुकीचं समजत असतो, आणि दोन्ही वेळेला मी तिथेच असतो.

गेल्या गुरुवारी चौथी बॅच होती. तसंच झालं. प्रश्न संपले. सर पुढे सरकले. “विचारा.” मुलं हसली. एकाने मोबाइल काढला, शूटिंग करायला. सरांनी डावा हात वर केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखला. “विचारा. विचारा!” टाळ्या पडायला लागल्या.

“टाळ्या बंद करा,” मी म्हणालो. आवाज मोठा झाला असावा, कारण मोबाइलसुद्धा खाली गेला. “तुम्ही विचारलेलं नाही. न विचारता सांगतो.”

खिशातली पत्रिका काढली. चार वर्षांत तिच्या घडीवर गणपती फाटला होता. उलटी करून त्यांच्यापुढे धरली आणि दोन्ही घड्याळं दाखवली. मग चहा, बटण, माझं ‘एका वेळी एकच विचार’, चिठ्ठीवरचे आकडे, सगळं सांगितलं. आत थोडं बरं वाटलं होतं तेही सांगितलं. कोणी वहीत काही लिहिलं नाही.

सरांनी डावा तळहात माझ्यापुढे पसरला.

मला समजलं. न विचारता सांगणं हे नियमात बसत नाही. मी टेबलावरच्या माझ्या चिंचोक्यांतला एक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बघितला आणि मूठ मिटली नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी, पहिल्या वर्षाची, अजून वॉर्डात सिस्टरांनाही घाबरते, तिने हात वर केला.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही चार-दहालाच उठला असता, तर सर आज बोलले असते का?”

मी सरांकडे बघितलं. त्यांचा हात अजून पुढे होता, तळहातावर एक चिंचोका. मी टेबलावरचा दुसरा उचलला, तसा उचलूनच म्हणालो,

“माहीत नाही.”

चिंचोका ठेवायला हात पुढे केला, तर सरांनी मूठ मिटून घेतली. त्याला चिंचोका पडत नाही.